टाकीच्या खांबावरची पिशवी

बस कर रे ब्रॉडी, किती वेळा ते बॉनेट उघडझाक करशील? तुमची कॅम्पर व्हॅन आज मी स्वतः तपासलीय. पट्टा नवा, थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर धुतलेला. टेसा, चहाच्या पाण्याचा डबा ठेव त्या निखाऱ्यांवर. उद्या नवराबायको उत्तरेला निघताय, तर एक गोष्ट ऐकून निघा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

क्लाइव्ह हॅनाफर्ड माझा शेजारी. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, आणि मेंढ्यांपेक्षा हट्टी. बायको नोरीन. तिच्या किडन्या गेलेल्या, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार इथे पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात मशीनवर पडून रक्त साफ करून घ्यायचं. दोन वर्षांमागे फेब्रुवारीत तिच्या बहिणीची सत्तरी होती, तिकडे उत्तरेला, मारी गावाच्या पुढे. शुक्रवारी मशीनवरून उठायचं, केक घेऊन जायचं, रविवारी परत. एवढंच काम होतं.

जाताना वाटेत एक टाकी लागते. पवनचक्की, पाण्याची टाकी आणि एक खांब. खांबाच्या खिळ्याला कॅनव्हासची पाण्याची पिशवी असते, आजोबांच्या काळातली, झिरपून गार होणारी. फार वर्षांपूर्वी कुंपणं घालणाऱ्या एका माणसाची गाडी तिथून थोड्या अंतरावर उकळली. तो चालत टाकीपर्यंत आला. टाकी कोरडी होती… तेव्हापासून ती पिशवी तिथे आहे. प्यायचं, भरायचं, परत टांगायची. लहान पोरालाही ठाऊक आहे.

"आणि क्लाइव्हने ती उचलली," टेसा म्हणाली.

उचलली! "हल्ली अशी मिळत नाही गं," म्हणून काढली आणि आपल्या जुन्या व्हॅनच्या नाकावर बांधली, आपले म्हातारे बांधायचे तशी. नोरीन म्हणाली, "अरे, दुसऱ्याच्या तोंडचं पाणी ते. ठेव परत." हा म्हणतो, "नवीन आणून टांगीन की." सगळे असंच म्हणतात.

तिकडे वाढदिवस झाला आणि रविवारी ढग फुटले. ओढ्याला पूर, रस्ता बंद. सोमवारचं मशीन हुकलं. ओढ्याकाठी अडकून गाडीतलं पिण्याचं पाणीही संपलं, उरलं ते त्या पिशवीतलं. मंगळवारी, तेरा फेब्रुवारीला, अंधार पडल्यावर ओढा उतरला तेव्हा नोरीनचे पाय सुजून टम्म झाले होते आणि आडवं पडलं की दम लागत होता. बुधवारी सकाळी तिला मशीनवर पोचवायचंच होतं. नाही पोचवलं तर काय, हे दोघांनाही माहीत होतं.

रात्रीचा प्रवास तसा जुन्या इंजिनाला बरा. हवा गार, ऊन नाही. चंद्राची कोर केव्हाच मावळलेली. क्लाइव्ह बेताने चालवत होता. टाकी मागे गेली. दिव्यात नुसता खिळा चमकला, रिकामा. नोरीनने तोंड फिरवलं.

आणि तिथून तापमानाचा काटा चढायला लागला.

क्लाइव्हने खिडक्या उघडल्या, हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची धग अशी आत ओढून घेतली की काटा जरा उतरतो, तुम्हीही लक्षात ठेवा. दोघं भट्टीत बसल्यासारखी घामाने निथळली. काटा उतरला… आणि परत चढला. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर काटा हळूहळू खाली. वेग घेतला की वर.

"थांबल्यावर गार, पळवल्यावर गरम. म्हणजे पंखा ठीक, समोरचा वारा अडतोय," ब्रॉडी म्हणाला.

शाबास. काहीतरी शिकलास माझ्याकडे. क्लाइव्हलाही तेच सुचलं. वारा अडवत होती ती पिशवी, सरकून बरोब्बर रेडिएटरच्या तोंडावर आलेली. बॅटरी घेऊन तो उतरायला निघाला, तेवढ्यात नोरीनने त्याचा दंड धरला.

"थांब. कुणीतरी पाणी पितंय."

क्लाइव्हनेही ऐकलं. गाडीच्या नाकाशी… घोट. घोट. घोट. खूप दिवसांचा तहानलेला माणूस पितो तसं, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

बॅटरी मारली. कुणी नाही. पिशवी हलत होती. आणि वारा नव्हता.

"कांगारू असेल," क्लाइव्ह म्हणाला. त्याने दोर कापला, पिशवी झुडपात भिरकावली आणि गाडीत बसून दार आतून लावून घेतलं. कांगारूला घाबरून कुणी दार लावतं का रे?

निघाले. काटा उतरला, मधोमध येऊन थांबला. क्लाइव्ह हसला. "बघितलंस? नुसती पिशवी होती. तुला आणि तुझ्या भुताला…"

दिव्यात माणूस उभा होता.

रस्त्याच्या कडेला. टोपी डोळ्यांवर. हातात तीच पिशवी, पाणी गळणारी. त्याने दुसरा हात वर केला.

आपल्याकडे रस्त्यावर हात केलेल्या माणसाला कुणी सोडून जात नाही. वैरी असला तरी नाही. क्लाइव्हने सोडलं. पाय दाबला आणि डोळे मिटून पुढे गेला, हे त्याने मला रडत रडत सांगितलं.

काटा एकदम लालवर. फट्! सीटखालून वाफेचा लोट, त्या व्हॅनचं इंजिन तिथेच. गोडसर जळका वास. सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. क्लाइव्हने इंजिन बंद केलं. मग काहीच नाही… नुसती तापलेल्या लोखंडाची टिकटिक. आणि नोरीनचा श्वास. वर वर.

गाडीत ओतायला थेंब नाही. फोनला रेंज नाही. जे पाणी होतं ते त्याने स्वतःच झुडपात फेकलेलं. "मी मारलं तुला, नोरीन," तो म्हणाला. "माझ्या हावेने मारलं."

"गप्प. ऐक."

मागून पावलं. खडीवरून. सावकाश.

डाव्या बाजूने. दाराशी. थांबली.

क्लाइव्हची मान वळेना. नोरीनने काच खाली केली. ती बोलली, तिच्या नेहमीच्या आवाजात, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी. "चुकलं आमचं. तुमची वस्तू होती ती."

ती ऐकत राहिली.

"हो. बरी नाहीये मी."

तिने मान हलवली.

"सकाळपर्यंत."

क्लाइव्हला फक्त तिचाच आवाज ऐकू येत होता. समोरून एक शब्दही नाही…

मग पावलं पुढे गेली. नाकाशी थांबली. आणि पाणी ओतल्याचा आवाज. गुडगुड… गुडगुड… एका पिशवीत मावेल त्याहून कितीतरी जास्त. थांबेचना. क्लाइव्हने कानांवर हात घेतले.

थांबला आवाज. मागचं सरकतं दार उघडलं. गाडी एका बाजूला किंचित दबली. दार लागलं.

"चालू कर," नोरीन म्हणाली. "आणि वळव. त्यांना टाकीपाशी सोडायचंय."

"वेडी झालीस का? इस्पितळ पुढे आहे! तुला वेळ कुठे आहे?"

"मला सकाळपर्यंत आहे, क्लाइव्ह. ते किती वर्षं पायी चालतायत? वळव म्हणते ना."

वळवली. "जगातलं सगळ्यात अवघड वळण होतं ते माझ्यासाठी," क्लाइव्ह म्हणतो. काटा तळाशी. आरशात बघितलं नाही. मागून ओल्या कॅनव्हासचा वास येत होता.

टाकी. खांब. मागचं दार उघडलं…

कुणी उतरताना दिसलं नाही. खांबाखाली पिशवी पडली होती, रिकामी. क्लाइव्हने ती टाकीच्या नळाखाली धरून काठोकाठ भरली. अंधारात चाचपडून खिळा शोधला. टांगली. टोपी काढली. मग येऊन बसला.

उजाडता उजाडता इस्पितळाच्या दारात पोचले. नोरीनला थेट मशीनवर घेतलं. वाचली. आजही वाचलेलीच आहे, रविवारी माझा स्वयंपाक कसा बेचव असतो ते सांगायला येते.

"मग पाणी कुणी ओतलं, वॉलकाका?" टेसाने हळूच विचारलं. तिचा चहा तसाच गार झाला होता.

मी मेकॅनिक माणूस. भुतांशी माझं देणंघेणं नाही. क्लाइव्हने तिथूनच फोन केला, "गाडी बघ, मला त्या गाडीत परत बसवत नाही." मी धावत गेलो. पोचलो तेव्हा इंजिन बंद करून दहा मिनिटंही झाली नव्हती. वाकून बघितलं. पाणी नेणारा खालचा रबरी होज पाईप टोकापासून टोकापर्यंत फाटलेला, आत माझा हात जाईल एवढा. रेडिएटरचं झाकण उघडलं. कोरडाठाक. ओतलेलं पाणी दोन मिनिटंसुद्धा राहिलं नसतं त्यात. आता पाणी नसलं की काटा खोटं सांगतो, तळाशी पडून राहतो, तेही मी धरलं. पण इंजिन खोटं सांगत नाही. तसं चालवलं तर थोड्याच वेळात जाम व्हायला हवं. हे टाकीपर्यंत मागे गेलं, आणि तिथून पोर्ट ऑगस्टापर्यंत आलं.

सीट उचलली. चटका बसेल म्हणून आधी फडकं गुंडाळलं हाताला. मग म्हटलं, बघू तरी. फडकं काढलं… इंजिनावर तळवा ठेवला.

गार होतं. ओलसर गार. रात्रभर खांबावर टांगलेल्या भरल्या पिशवीला हात लावावा, तसं.