दोन बोटं खिडकी

जलालला हीटरची भाषा कळते, असं रियाधच्या मलाझ वस्तीतल्या बायका थट्टेनं म्हणायच्या. म्हसळ्याचा हा गडी नऊ वर्षं तिथं उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात गॅसचे हीटर दुरुस्त करत होता. वाळवंटात थंडी कसली, असं गावाकडचे लोक हसून विचारतात. जानेवारीतल्या पहाटे तिथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघावा, मग हसावं. तक्रारी दरवर्षी त्याच असायच्या. ज्योत पिवळी पडते, वास येतो, डोकं धरतं, पेटतो आणि विझतो. जलाल जाळी झाडायचा, नळी बदलायचा आणि निघताना उंबऱ्यात थांबून एकच गोष्ट सांगायचा, "दोन बोटं खिडकी उघडी ठेवा." कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "थंडीनं माणूस कुडकुडतं. कोंडलेल्या धगीनं मरतं."

१९९० साली, नऊ वर्षांच्या मिनतवाऱ्यांनंतर, कफीलनं, म्हणजे त्याच्या अरब मालकानं, त्याला बायकोचा व्हिसा दिला. हाजरा आणि पाच वर्षांची सहर सप्टेंबरात आल्या. कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसून महिना झाला होता, लोक चंबूगबाळं आवरून परत चालले होते, आणि हा बायकोपोरीला आणत होता. पण नऊ वर्षांत दोन सुट्ट्या सोडल्या तर बायकोला पत्रांतूनच पाहिलेल्या माणसाला कोण काय सांगणार? तिसऱ्या मजल्यावरचं घर स्वस्तात मिळालं. शिवाय आधीच्या भाडेकरूंचा एक चांगला हीटर आत तसाच होता, सिलिंडर मागच्या पेटीत बसणारा. जलालला कोण आनंद झाला.

हाजराची एक सवय होती. गॅस बंद केला की ती बोटातल्या अंगठीनं सिलिंडरवर तीनदा वाजवायची. टक्, टक्, टक्. आवाजावरून आत किती उरलाय ते तिला कळायचं म्हणे. जलाल चिडवायचा, "डॉक्टरीणबाई, पेशंट कसाय?" ती म्हणायची, "चार दिस निघतील."

जानेवारीत युद्ध पेटलं. भोंगे वाजायला लागले, रात्री आकाशात क्षेपणास्त्रं फुटायला लागली. त्यातून विषारी वायू सोडतील, या भीतीनं सगळ्या शहरानं एकेक खोली बंद करून घेतली. दुकानांतली चिकटपट्टी दोन दिवसांत संपली. जलालनंही झोपायच्या खोलीची खिडकी प्लास्टिक लावून चारी बाजूंनी चिकटवली, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला आणि बायकोला बजावलं, "भोंगा झाला का आत. काय वाटेल ते होऊदे, मी येईपर्यंत दार उघडायचं नाय. भाएर गॅस असंल."

तो हे बोलला तेव्हा त्याला स्वतःचं ते दोन बोटांचं वाक्य आठवलं नाही. शेकडो घरांत सांगितलेली गोष्ट स्वतःच्या घरात विसरला. वरून येणाऱ्या मरणाकडे डोळे लागले की पायाजवळचं दिसत नाही, दुसरं काय!

त्याच रात्रीपासून त्या खोलीतला हीटर विझायला लागला. पेटवला की अर्धा तास नीट जळायचा. मग आवाज यायचा... कट्. आणि अंधारात ज्योत नाहीशी व्हायची. जलालनं नळी बदलली, जाळी बदलली, पेटी उघडून सगळं बाहेर काढलं. दोष काही सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, बटण दर वेळी 'बंद'वर फिरलेलं असतं.

"तू फिरवतेस काय?" त्यानं विचारलं.

"मी कशाला फिरवू? पोर गारठतंय माजं." हाजरा म्हणाली. मग आवाज उतरवून, "अवो... काल मी जागी होते. हीटरजवळ कोनी नव्हतं. आनी बटन फिरलं."

"झोपेत दिसलं तुला."

"वास पन आला. मळलेल्या पिठाचा."

जलाल हसला, पण त्याला राग आला होता. गावभरचे हीटर नीट करणाऱ्याचा स्वतःचा हीटर पेटत नाही, हे त्याला डाचत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावर जाण्याआधी त्यानं हीटर मोठा करून ठेवला, बटण उपसून काढलं आणि खिशात टाकलं. आत नुसती लोखंडी कांडी राहिली. पक्कड लावल्याशिवाय ती हलणार नव्हती. सहरचा हात जाऊ नये म्हणून मागची पेटीही त्यानं स्क्रूनं आवळून टाकली. "आता बघू कोण बंद करतंय," असं म्हणून सहरच्या गालाला हात लावून तो निघाला.

वर्कशॉपमध्ये गफूरभाई होते, त्याच्याआधी दहा वर्षं आलेले. चहा पिताना जलालनं हा किस्सा हसत सांगितला. गफूरभाईंनी कप खाली ठेवला.

"कंची बिल्डिंग? हिरव्या दाराची? तिसरा माळा?"

"हां."

"तिथं मुन्नी नावाची बाई ऱ्हायची. हैदराबादची. घरोघर रोट्या करून द्यायची. दोन वर्सांमागं थंडीत खिडक्या लावून, हीटर चालू ठेवून झोपली... उठलीच नाय." गफूरभाई त्याच्याकडे न बघता बोलत होते. "तवापासून त्यो हीटर तिथं कुनाच्या हातनं नीट झाला नाय. मी सोता दोनदा गेलो. दोष कायच नाय. मी सांगून आलो, विझतोय तर विझू दे. ती जे करते ते..."

जलालचा हात खिशात गेला. बटण हाताला लागलं.

आणि भोंगा वाजला, त्या रात्रीचा दुसरा; पहिला होऊन तीन तास झाले होते.

गफूरभाई शटर ओढत ओरडत राहिले, पण जलाल केव्हाच रस्त्यावर होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दिवे गेले होते. डोक्यावर कुठेतरी ढगफुटीसारखा आवाज झाला आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. त्यानं वर पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो देवाला म्हणत होता, खरंच असेल ती बाई, तर तिथं असू दे.

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. त्यानं खांद्यानं फोडलं. आतली हवा तोंडावर आली, ऊन आणि जड. हीटर रसरसून जळत होता, ज्योत पिवळी. सहर दाराशी पालथी पडली होती. फटीतला टॉवेल कुणीतरी उपसून काढला होता आणि तिचं तोंड नेमकं त्या फटीला लावलेलं होतं. तिचा श्वास चालू होता.

हाजरा हीटरपाशी होती. तिचा उजवा हात त्या लोखंडी कांडीवर होता. बोटं सोलवटलेली होती, नखं तुटलेली. किती वेळ ती कांडी फिरवत होती कोण जाणे. दार तिनं उघडलं नव्हतं. बाहेर गॅस असेल, असं तिला नवऱ्यानं सांगितलं होतं.

तिला तिथंच माती दिली. सहरला गावाकडे निघालेल्या एका बाईसोबत आजीकडे पाठवलं. पोरगी सुधारली, पण बोलायची कमी. जलालचा करार बाकी होता, इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, कफीलकडे होता. तो राहिला. वर्कशॉपमध्येच झोपायचा, हीटर न लावता.

पुढच्या डिसेंबरात एका दुपारी वर्कशॉपला तक्रार आली. बँकेतले कुमारसाहेब पुण्याहून नवीन आले होते, घरात तान्हं बाळ. हिरव्या दाराचा, तिसऱ्या माळ्याचा पत्ता वाचून गफूरभाई म्हणाले, "मी जातो." जलाल म्हणाला, "नको."

कुमारसाहेबांची बायको हेमलता बाळाला कडेवर घेऊन उभी होती. "बघा ना भाऊ, पेटवला की अर्ध्या तासात आपोआप बंद होतो. बाळाला सर्दी झालीय. आज काहीही करून दुरुस्त करून द्या."

नवीन बटण कुणीतरी बसवलं होतं. जलालनं हीटर पेटवला आणि समोर फरशीवर बसला. हेमलतानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. खिडकी घट्ट लावलेली होती.

अर्ध्या तासानं बटण फिरलं. कट्. ज्योत गेली. पिठाचा वास आला नाही.

मग मागच्या पेटीतून, सिलिंडरवर अंगठी वाजावी तसा आवाज आला. टक्, टक्, टक्.

"हा आवाज पण रोजचाच," हेमलता म्हणाली. "कशाचा आहे हो हा?"

जलाल उठला. चिकटलेली खिडकी जोर लावून त्यानं उघडली, दोन बोटं. हत्यारं पिशवीत भरली.

"वैनी, हीटर चांगला हाय," तो म्हणाला. "त्याला कुनाला हात लावू देऊ नका."