मागे फिरलेला काटा

बंगळूरच्या राजाजीनगरात माझं गाड्यांच्या एसीचं गॅरेज होतं. १९९४च्या एप्रिलमधली गोष्ट. बसवनगुडीचे मल्हारराव इंगळे त्यांची पासष्ट सालची लांबलचक अमेरिकन गाडी घेऊन आले. एसी पंधरा वर्षं बंद.

"शनिवारपर्यंत गार हवा यायला पाहिजे, वासुअण्णा," ते म्हणाले. "अनुसूयाला एकदा नंदी हिल्सला न्यायचंय. डॉक्टर म्हणतात, आठवडा काढणं कठीण. स्वल्प, जरा लौकर करा."

हातातली कामं बाजूला सारून मी त्यांची गाडी घेतली. कॉम्प्रेसरचं सील बदललं, रबरी नळ्या नव्या टाकल्या. शुक्रवारी दुपारी शेवटची पायरी उरली. गॅस भरण्याआधी पंपानं नळ्यांतली सगळी हवा ओढून काढायची, पंप बंद करायचा आणि अर्धा तास मीटरचा काटा बघत बसायचं. हवा काढली की काटा शून्याच्या खाली जातो; गळती असली तर तो परत शून्याकडे सरकतो. एकदा सरकला की मागे येत नाही. वीस वर्षांत कधी आला नव्हता.

आज आला.

जरासा शून्याकडे गेला, मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मी मीटर बदललं. तेच. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं, म्हणून मी शहाणपणानं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा.

मल्हारराव शेजारी चहा घेत उभे होते. "चौदा? सकाळी डॉक्टरांनी अनुसूयाचे श्वास चौदाच मोजले," म्हणत त्यांनी पेला खाली ठेवला, माझ्या टेबलावरच्या फोनवरून घरी मुलीला फोन लावला.

"सौम्या, आईचा श्वास मोज. हो, आत्ता. मोठ्यानं."

रिसीव्हर त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये धरला. "एक... दोन... तीन..." प्रत्येक आकड्याला काटा सरकत होता.

"योगायोग असेल," मी म्हणालो. मलाच ते पटलं नाही.

काटा मंदावला. मिनिटाला बारा. आठ. सौम्याचे आकडेही लांबत गेले. मग काटा थांबला.

"अप्पा!" सौम्या किंचाळली. "आई श्वास घेईना!"

मल्हाररावांनी माझा दंड पकडला. "अण्णा, हवा द्या तिला!"

रिकाम्या केलेल्या नळ्यांत बाहेरची हवा सोडणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. दमट हवा आत गेली की केलेलं सगळं पाण्यात. शिकाऊ पोरांना मी त्यावरून शिव्या घातल्या होत्या.

मी नळ उघडला.

एरवी क्षणभर फस्स होतं आणि संपतं. हा आवाज संपेचना. बऱ्याच वेळानं काटा शून्यावर येऊन टेकला.

"घेतला!" सौम्या रडत होती, हसत होती. "केवढा मोठा श्वास घेतला तिनं!"

मल्हाररावांनी रिसीव्हर कपाळाला टेकवला. मीही देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू?

फोनमधलं हसणं मध्येच तुटलं.

"सौम्या?"

"अप्पा, ती सोडत नाहीये."

"काय?"

"श्वास. आत घेतलेला सोडतच नाहीये."

मी घड्याळाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं. चार.

सात.

"आता?" मल्हाररावांनी विचारलं.

"अजून नाही," सौम्या कुजबुजली. "उठून बसलीय. केस विंचरतेय."