पाऊण मापाचा पलंग

"माणसं काय घडी घालून झोपणार आहेत की काय यावर!"

आवाज थेट पाठीखालून आला आणि ती ताडकन उठून बसली. जेवणाच्या सुट्टीत नमुना-फ्लॅटचं दार लोटून घ्यायचं, उंच टाचांच्या चपला काढायच्या आणि गुडघे पोटाशी घेऊन दहा मिनिटं या पलंगावर पडायचं, एवढंच काय ते तिचं दिवसभरातलं सुख. आता त्यालाही वाचा फुटली होती.

"वर कोण आहे?" पलंगाखालून विचारणा झाली. "हलू नका हो जरा. स्क्रू निसटतोय."

"तुम्ही कोण?"

"मिस्त्री. पाय दुरुस्त करतोय."

"कोणाचा?"

"पलंगाचा. तुमचेही दुखत असतील, पण ते आपल्या कामात बसत नाही."

मग तो सरपटत बाहेर आला. कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा आणि चेहऱ्यावर आठवडाभर झोप न झाल्यासारखा शीण. त्याची नजर तिच्या उघड्या, सुजलेल्या पावलांवर गेली… आणि त्याने ती लगेच खिडकीकडे वळवली. तेवढ्यावरून माणूस बरा असावा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

"या पलंगाची लांबी ठाऊक आहे तुम्हाला?" त्याने खिडकीलाच विचारलं.

ठाऊक नसायला काय झालं? सात वर्षं ती फ्लॅट विकत होती. इमारत अजून अर्धी उभी असते, गिऱ्हाइकाला दाखवायला एकच फ्लॅट सजवून ठेवतात, आणि त्यातलं सगळं सामान पाऊण मापाचं करून घेतात. पलंग आखूड, सोफा अरुंद, कपाट इतकं उथळ की त्यात हँगर आडवा मावत नाही. खोल्यांची दारं तर बसवतच नाहीत, कारण दार उघडायला जागा लागते. मग दहा बाय नऊची खोली दिवाणखान्यासारखी ऐसपैस वाटते. पलंगावर पाटी असते, 'कृपया बसू नये.' ऑफिसात 'लहान' हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'नेटकं' म्हणतात. फारच लहान असेल, तर 'आटोपशीर.'

"पाच फूट," ती म्हणाली. आणि सात वर्षांत हे आपण पहिल्यांदाच मोठ्याने बोललो, हे तिच्या लक्षात आलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, इथे फक्त मलाच मोजता येतं."

तीन खोल्यांचा दुसरा नमुना-फ्लॅट तयार व्हायचा होता आणि त्याचं सामान मिस्त्रीच करणार होता, म्हणजे महिनाभराचं काम. त्या महिन्यात तिची ती दहा मिनिटांची झोप गेली ती गेलीच. मिस्त्रीचं काम चौथ्या मजल्यावर चालायचं, डबा घेऊन ती तिथे जायची. नुसता सिमेंटचा कोबा होता, खांब होते आणि चारी बाजूंनी वारा. वाऱ्याबरोबर धूळ डब्यात यायची. जेवून झालं तरी ती उठत नसे.

"हे असलं बुटकं सामान करताना तुम्हाला काही वाटत नाही?" एकदा तिने डिवचलं.

"वाटतं ना. पण मी नुसतं करतो. गोड बोलून खपवता तुम्ही."

"मी गोड बोलते?"

"गिऱ्हाइकांशी," तो रंधा मारता मारता म्हणाला. "आमच्या वाट्याला काही आलेलं नाही अजून—"

तिने पाण्याची बाटली त्याच्यापुढे आदळली. पण जिना उतरताना मात्र तिचे ओठ उगाचच मिटेनात.

एका दुपारी त्याने खडू काढला. "सांगा. तुमचं घर कसं हवं?"

शेकडो घरं विकली, पण हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता, तिलाही कुणी विचारला नव्हता. मग हळूहळू ती बोलत गेली. आईला रात्री उठावं लागतं, तिला अंधारात कशालाही न अडखळता जाता यायला हवं. एक भिंत अशी हवी, जिला टेकून नुसतं बसता येईल. आणि दमून आल्यावर चपला काढायला बूड टेकण्यापुरती तरी जागा. तो जमिनीवर रेघा ओढत गेला. आईचा पलंग खऱ्या मापाचा, कपाट खऱ्या मापाचं, दार उघडेल तेवढी पाव वर्तुळाची रेघ. सगळं मांडून झाल्यावर भिंती आल्या, आणि त्या भलत्याच ठिकाणी आल्या.

"बघा," तो मागे सरून म्हणाला. "खांब तेवढे बिल्डरने रोवावेत. आतल्या भिंती माणसं आल्यावर घालाव्यात. आपण आधी भिंती घालतो आणि मग त्यात माणसं कोंबतो."

"आणि इथे हे काय? हा चौकोन मी सांगितला नव्हता."

"तो… खुर्ची आहे."

"कोणाची?"

त्याने खडू खिशात टाकला. "येणाऱ्या-जाणाऱ्याची," म्हणाला, आणि कान लाल होईपर्यंत करवत घासत बसला.

ती कल्पना तिने धीर करून साहेबांपुढे मांडली. मजला मोकळा ठेवू, लोकांना आपापल्या सामानाची मापं आणायला सांगू, आधी खडूने आखू, मग विकू. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. डोळे चोळत म्हणाले, "अहो, लोक आपल्याकडे स्वप्न घ्यायला येतात. टेप लावून कुणी स्वप्न मोजतं का?"

घरी आई रोज विचारायची, "आज मिस्त्री काय म्हणाले?" हवापाण्याचं विचारावं तसं, भाजी निवडता निवडता. ती सांगायची, प्लाय महाग झालाय म्हणाले. आई म्हणायची, "हं." ऑफिसातले तिला चौथ्या मजल्यावर जाताना बघत आणि आपापल्या फायलींत डोकं घालत. शब्द टाळण्यात सगळेच पटाईत.

शनिवारी मिस्त्रीचं काम संपणार होतं. त्याच शनिवारी फ्लॅट घेणारे एक वयस्कर काका-काकू सह्या करायला आले. ही त्यांची तिसरी खेप होती. काका सहा फूट दोन इंच, आयुष्यभर बस चालवून पाठीत वाकलेले. जुनं घर विकून ते इथे यायचे होते. दर खेपेला काकू एकच विचारायच्या, आणि दर खेपेला ती म्हणायची, "खोली नेटकी आहे, काकू."

"आमचा पलंग मावेल ना गं?" काकूंनी आजही विचारलं. "साडेसहा फुटी आहे. यांच्या उंचीचा मुद्दाम करून घेतलेला."

"मावेल की!" साहेब म्हणाले. "हा बघा ना, पलंग ठेवून किती जागा उरलीय. काय हो मिस्त्री? हा नेहमीच्याच मापाचा आहे ना?"

मिस्त्री दाराच्या चौकटीत हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला. ते गप्प राहणं तिला कळलं. 'नाही' म्हणायला त्याची जीभ शिवशिवत होती, पण उद्या कामावर यायचं होतं ते तिला. घरात कमावणारी ती एकटी, वर आईची औषधं.

काका पलंगावरची पाटी वाचत होते, अगदी सावकाश, जणू मोठा मजकूर असावा.

"काका," ती म्हणाली, "झोपून बघा."

"अहो, पाटी—" साहेब पुढे झाले.

"झोपा तुम्ही."

काका संकोचत आडवे झाले. पोटऱ्यांपासून पुढचे पाय हवेत लोंबकळत राहिले. काकू त्या पायांकडे बघत राहिल्या.

"पाच फुटांचा आहे, काकू," ती म्हणाली. "तुमचा पलंग ठेवलात तर कपाटाचं दार उघडणार नाही. कपाट ठेवलंत तर काकांना दिवाणखान्यात झोपावं लागेल. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

काकूंनी तिचा हात घट्ट दाबला आणि काकांना उठवलं. सह्या झाल्या नाहीत. ते गेल्यावर साहेबांनी पलंगावरची पाटी सरळ करून ठेवली. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले, रागानेही नाही.

डबा, बाटली, टेबलावरची छत्री. सात वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. जिन्याच्या तोंडाशी मिस्त्री थांबला होता.

"आता… कुठे जाणार?" त्याने विचारलं.

"घरी. आईला सांगायचंय. तुम्ही?"

"माझं काय… आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात. तिथे मापं लिहून घ्यायला, लोकांशी बोलायला माणूस हवंच होतं तसं. म्हणजे तुम्हाला सवड असेल तर… सोमवारी नाही तर मंगळवारी… नाही म्हणजे, घाई नाही—"

तो पिशवीचा बंद सोडत होता, बांधत होता, पुन्हा सोडत होता. खाली सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मिस्त्री, मी फार दमलेय हो," ती म्हणाली. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. आता पुढचं तुम्ही बघा."