वहिनी, दार!

ठक्... ठक्... ठक्!

भिंतीपलीकडून छिन्नीचा घाव कानी आला आणि थोरलीच्या हातातली चहाची किटली तशीच अधांतरी थबकली. तो घाव जणू तिच्याच काळजावर पडला होता! किटली खाली टेकवून तिने छातीशी हात जोडले. "सांभाळ रे देवा," ती पुटपुटली.

पलीकडे धाकटी जाऊ भिंत खरवडत होती. त्यांच्या बाजूला ओल आली होती, गिलाव्याचे पोपडे गळत होते, आणि धाकटीला घरची डागडुजी आपल्या हातांनी करायचं भारी वेड! नळ गळो की खिडकी अडको, ही पाना घेऊन पुढे, नवरा नुसता शिडी धरायला. काल भिंतीला कान लावून थोरलीने तिचंच बोलणं ऐकलं होतं, "या विटा काढून सरळ काँक्रीट ओतू. कटकट मिटेल... कायमची!"

कायमची! त्या एका शब्दाने रात्रभर थोरलीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

एके काळी हे सगळं एकच घर होतं... ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर अर्ध्या चड्डीत होता, आईवेगळा. शाळेतून यायचा तो दोन्ही हात भरलेले. कधी दप्तर आणि गोट्या, कधी कुठून उचललेलं मांजराचं पिल्लू. मधल्या दारावर लाथ मारून ओरडायचा, "वहिनी, दार!" आणि ही कणकेच्या हातांनी धावायची. पोटी मूल नसल्याचं दुःख त्या दोन शब्दांत ती कितीदा विसरली होती!

पुढे तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि एका दुर्दैवी दिवशी दोघे भाऊ मधली खोली स्वतःच रंगवायला निघाले. एकाला पिस्ता हवा, दुसऱ्याला अबोली. रंगावरून अकलेवर गेले, अकलेवरून वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवर. ब्रश भिरकावला गेला. "घरच विकतो! घे तुझा वाटा आणि हो चालता!" थोरला गरजला. तेव्हा कधी चार माणसांत तोंड न उघडणारी ती पुढे झाली होती. "घर विकू नका. मधलं दार बुजवा. मला... मलाच शांतता हवी आहे."

घर वाचलं, पण बोल तिच्या माथी आला. वहिनीनेच घर तोडलं! दिराने तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर अजून तिला विसरता येत नव्हती. त्या दिवसापासून 'वहिनी' हा शब्द त्याच्या ओठांवरून पुसला गेला. रस्त्यात समोर आला तर परक्यासारखी मान हलवायचा, बस्स!

मात्र एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. नवऱ्याने सांगितलं होतं, चौकटीसकट दार काढून सिमेंटमध्ये पक्की भिंत घालून घे. तो गावाला गेला, धाकटी दोघंही तेव्हा घरी नव्हती, आणि तिने गवंड्याला हळूच विनवलं, "दाराला हात लावू नका. विटा फक्त पलीकडच्या अंगाने लावा... आणि मातीत बसवा."

"मातीत? अहो बाई, आज ना उद्या ओल धरेल!"

"धरू दे," ती म्हणाली होती.

मग अलीकडून दारासमोर भलंमोठं कपाट उभं राहिलं. नवरा परत आला, पण त्या कपाटाकडे त्याने कधी मान वळवूनही पाहिलं नाही.

ठक्... ठक्... धबाक्!

"अहो, इकडे या!" पलीकडून धाकटीची किंकाळी. "वीट हातातच आली! अख्खी! ही भिंत आहे की पत्त्यांचा बंगला?"

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? थोरली पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो... मी तुम्हाला फसवलं," ती हुंदका देत म्हणाली. "ती भिंत पक्की नाही. दार आत तसंच आहे. आज त्यांनी काँक्रीट ओतलं तर... तर ते कायमचं गाडलं जाईल हो! मला काय वाटेल ती शिक्षा द्या, पण आधी ते कपाट सरकवा!"

थोरल्याच्या हातातला पेपर गळून पडला. मग चष्मा काढून त्याने डोळे पुसले. "अगं वेडे... मी त्या कपाटामागे इतकी वर्षं का डोकावलो नाही, सांगू? मला भीती वाटायची. भिंत खरंच पक्की निघाली तर!"

आणि तो कपाटाला भिडला. "जोर लाव! काय भरलंयस यात, दगड?"

"तुमचेच जुने पेपर! फेकू देता कुठे?"

रडता रडता ती हसली. कपाट करकरत सरकलं. मागे ते दार... तसंच! आणि पलीकडून एकामागून एक विटा उतरत होत्या. मग एकाएकी सगळं शांत झालं. दाराच्या फळीवर कुणाची तरी बोटं फिरत होती.

"ताई..." धाकटीने फळीशी तोंड नेऊन हाक मारली. "चौकटसुद्धा काढली नाहीत तुम्ही? आणि आम्ही इतकी वर्षं तुम्हालाच..."

तेवढ्यात दारावर एक लाथ बसली. हलकीच, ओळखीची... आणि मग एका प्रौढ पुरुषाचा आवाज आला, "वहिनी... दार!"

थोरलीचा हात कडीवर गेला. कडी अलगद सरकली, साधी कुरकुरलीही नाही!

"इतक्या वर्षांची कडी अशी सैल कशी?" थोरल्याने विचारलं.

"कपाटाच्या फटीतून हात घालून तेल सोडत होते," ती लाजून म्हणाली.

दार उघडलं. नखशिखान्त धुळीने माखलेला, कानशिलांवरचे केस पिकलेला तो दीर तिच्या पायांशी वाकला. "मला क्षमा करा वहिनी, मी..."

"आधी केस झटक!" तिने त्याला उठवून पोटाशी धरलं. "सगळा गिलावा डोक्यात घेऊन आलायस!"

धाकटी पदराने डोळे पुसू गेली आणि चेहराभर माती फासून बसली. तिच्याकडे बघून दोघे भाऊ एकदमच हसले. हसता हसता थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. "खोली मात्र आता रंगवायला हवी."

"हो दादा. अबोली..."

"खबरदार!" दोघी जावा एका सुरात ओरडल्या. "चुना! पांढराशुभ्र चुना! रंगाचं नाव काढेल त्याला आज चहा नाही!"

मग विटांचा ढिगारा उपसणं सुरू झालं. थोरली नव्याने चहा टाकायला वळली, तोच मागून उघड्या चौकटीवर पुन्हा लाथ बसली. दोन्ही हातांत विटा घेऊन धाकटा उभा होता.

"वहिनी, दार!"

"अरे, उघडंच आहे की, वेड्या!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "नुसतं म्हणून बघितलं."