एकशेविसावी घागर

हौदाच्या तळाशी तांब्या खरवडल्याचा आवाज आला. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या केवळाबाईनं आपली घागर उपडी करून खाली ठेवली.

"एकशे एकोणीस," सिंधुबाई सोनकांबळे म्हणाली. "आजबी एक कमी."

पंधरा दिवसांतली ही बारावी वेळ. टँकर रोज संध्याकाळी हौद काठोकाठ भरून जाई. सकाळी घरामागं एक, अशा एकशेवीस घागरी निघायला हव्यात. निघत एकशे एकोणीस. झाकणाला कुलूप, आणि किल्ली एकट्या सिंधुबाईकडं.

"किल्ली ठेव कठड्यावर," व्यंकटराव सरपंच म्हणाले.

तिनं ठेवली. सरपंचांनी ती उचलली नाही. "साहेब, तुमीच ठेवा. सरकारी माणूस हाव. दुपारपर्यंत चोर सापडला तर ठीक, न्हाई तर उद्यापासून दुसरा माणूस नेमतो."

रेवणप्पा बिराजदारनं किल्ली उचलून खिशात टाकली.

तो चोवीस वर्षांचा होता. भूगर्भशास्त्राचा पदवीधर, भूजल सर्वेक्षणात नवा. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. ऑफिसला खुर्च्या आल्या होत्या, जीप आली नव्हती. म्हणून तो स्वतःच्या गाडीनं हिंडे आणि शाळेच्या खोलीत मुक्काम करी.

गाडी लाल, दोन दारांची, विलायती. सिकंदराबादच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. रेवण तिचा चौथा मालक. पहिल्या वर्षाचा पगार ती घेण्यात गेला, दुसऱ्या वर्षाचा ती चालवण्यात जात होता. टायर हैदराबादहून, पट्टा नांदेडहून. अहमदपूरच्या वाटेवर एकाच दगडानं दोनदा सायलेन्सर फोडला. देवणीला, घरी, वडील म्हणाले होते, "एवढ्यात बैलजोडी आली असती. बैल उकळत तरी न्हाई."

गाडी मात्र उकळायची. रेडिएटर गळका होता. नांदेडच्या मेकॅनिकनं उपाय सांगितला: पाण्यात चिमूटभर हळद टाका, भोक बुजतं. उपाय लागू पडला होता. या गावात आल्यापासून उष्णतेचा काटा एकदाही वर चढला नव्हता.

रांग पांगल्यावर त्यानं सिंधुबाईला विचारलं, "किल्ली कुणाला देता?"

"कुनालाच न्हाई. रविवारी सासूला तेवढी."

"कुलूप कधी उघडं राहिलं?"

"न्हाई साहेब. गळ्यात बांधून झोपते."

"पाण्यात काही वेगळं जाणवलं?"

"वास. वरच्या पाण्याला रॉकेलवानी वास येतो. लोक टँकरवाल्याला शिव्या द्यायलेत."

ती पुढं म्हणाली, "नोकरीचं न्हाई हो एवढं. किल्ली माझ्याकडं आली तवापासून आमच्या वस्तीच्या बाया रांगेत हाईत. किल्ली गेली की घागर परत बाजूला. कुनी वरून ओतंल तवा पानी."

सरपंच मध्येच बोलले, "आन रविवारी पानी बरोबर भरतंय, ते कसं? रविवारी ही बुद्धविहारात जाती, वाटप सासू करती. ही नसली की चोरी न्हाई!"

"ते खरं आहे का?" रेवणनं विचारलं.

सिंधुबाईनं शाळेच्या भिंतीकडं बोट केलं. कोळशाच्या रेघा होत्या. घागर कमी पडली त्या दिवशी रेघ, नाहीतर जागा मोकळी. दोन रविवार मोकळे होते. पण एक बुधवारही मोकळा होता.

"बुधवारी कुठं होता तुम्ही?"

"हितंच. मीच वाटलं. एकशेवीस भरल्या."

सरपंचांचा हिशेब तिथं मोडला. रेवणला बरं वाटलं. मोडलेल्या अनुमानाचा त्याला नेहमीच आनंद होई.

तो हौदावर चढला. हौद उंच चौथऱ्यावर होता. झाकणात हवेसाठी अंगठ्याएवढं भोक होतं. त्यानं ते हुंगलं. रॉकेल नव्हे, पेट्रोल.

भोकाजवळ, चारच दिवसांपूर्वी चुना मारलेल्या कठड्यावर, चार बोटांचा लाल डाग होता.

"कुंकू हाय ते," सरपंच खालून म्हणाले. "कुनीतरी करणी केली."

"आमच्यात कुंकू न्हाई," सिंधुबाई म्हणाली. "सासऱ्यानं छप्पन सालीच सोडलं ते."

रेवणनं पेटीतून सौम्य आम्लाची बाटली काढली. दगडातला चुना ओळखायला तो ती बाळगी. एक थेंब डागावर टाकला. चुना फसफसला आणि लाल डाग पिवळा झाला.

तो पिवळ्या डागाकडं पाहत राहिला. मग खाली उतरून खोलीत गेला आणि कामाची डायरी उघडली. दोन्ही रविवारांच्या आदल्या रात्री: मुक्काम देवणी. बुधवारच्या आदल्या रात्री: मुक्काम नांदेड, पट्टा बदलला.

त्यानं डायरी मिटली, पुन्हा उघडली. अक्षर त्याचंच होतं.

गप्प बसणं सोपं होतं. टँकरवर ढकललं असतं तर कुणी शंका घेतली नसती. त्यानं खिशात हात घातला. हाताला किल्ली लागली.

दुपारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. हौदापाशी नाही, गाडीपाशी. त्याच्यासोबत मुक्कामाला असलेला ऑफिसचा शिपाई ज्ञानोबा बॉनेट पुसत होता.

"हळद साध्या पाण्यात पिवळी असते," रेवण म्हणाला. "ओल्या चुन्याला लागली की लाल होते. तो डाग कुंकवाचा नाही, हळदीचा आहे. पाण्याचा वास पेट्रोलचा आहे. म्हणजे पेट्रोल ओढायची रबरी नळी झाकणाच्या भोकातून आत गेली. हौद उंचावर आहे. एकदा ओढलं की पाणी आपोआप खाली येतं. कुलूप उघडावं लागत नाही."

"पेट्रोल आन हळद एकत्र कुठं असती?" सरपंचांनी विचारलं.

रेवणनं डिकी उघडली. आत नळी होती. तिचं एक टोक पिवळं पडलेलं.

लोकांच्या नजरा ज्ञानोबाकडं वळल्या. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ज्ञानोबा, रोज पहाटे?"

"हाव साहेब."

"मला का सांगितलं नाही?"

ज्ञानोबानं मान वर केली. "तुमीच म्हनलाव, गाडी उकळली तर कामावर येऊ नको. रातभर सगळं पानी गळतंय. हळदीनं काय बुजलं न्हाई. मी रोज हळद टाकायचो, मग घागरभर पानी. अर्धं रेडिएटरात, अर्धं गाडी धुवायला. तुमी इचारलंच न्हाई पानी कुठलं ते."

कुणीतरी हसलं. "भूजलवाले साहेब! जमिनीखालचं पानी दिसतंय, नाकाखालचं न्हाई."

रेवणला त्या हसण्याचा राग आला नाही. तसं कुणी बोललं नसतं तर त्याला जास्त लाज वाटली असती.

"याला चोर म्हणू नका," तो म्हणाला. "मी मुक्कामाला नव्हतो त्या तिन्ही दिवशी घागर कमी पडली नाही. बाकी बारा दिवस चोरी माझ्यासाठी झाली. या गावात विहिरी मोजल्या, बोअर मोजले. प्रत्येक पाण्याला विचारलं, कुठून आलंस. माझ्या गाडीतल्या पाण्याला विचारलं नाही."

त्यानं वाकून रेडिएटरखालची तोटी उघडली. पाण्याची पिवळी धार मातीत पडू लागली. एक शेळी धावत आली, हुंगून मागं सरली. केवळाबाई घागर घेऊन दोन पावलं पुढं आली होती. तीही थांबली.

"हे काय पिन्यासारखं न्हाई, बाबा," ती म्हणाली.

धार संपेपर्यंत कुणी हललं नाही. उद्या अहमदपूरला पायी जावं लागणार होतं, अकरा किलोमीटर. वाटेत सगळे विचारणार होते, साहेब, गाडी कुठाय? प्रत्येकाला खरं सांगावं लागणार होतं.

रेवण हौदापाशी चालत गेला आणि त्यानं खिशातून किल्ली काढली. सिंधुबाई मागोमाग येऊन समोर उभी राहिली होती. तिच्याकडं बघायचं धाडस होईना. त्यानं मान खाली घातली आणि किल्ली कठड्यावर ठेवली.

सिंधुबाई जागची हलली नाही.

"तिथं न्हाई साहेब," ती म्हणाली. "हातात द्या."