शनिवारी ते घरी नसतात

थिया लिंडक्विस्ट त्या शनिवारी हेनेपिन रस्त्यावरच्या मासिकांच्या दुकानात शिरली, ती पाऊस टाळण्यासाठी नव्हे. ‘थॉर्न अँड लँटर्न’ या अद्भुतकथांच्या मासिकाचा मे महिन्याचा अंक आला असेल, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आपले पापा या जगात नसतील, असं वाटायला काहीच कारण नव्हतं. रस्त्याच्या कडेला हिवाळ्यातलं काळवंडलेलं बर्फ अजून पडलेलं होतं आणि त्यावर एप्रिलचा पाऊस हलकेच भुरभुरत होता.

अंक आला होता. एकच उरला होता, आणि तो एका उंच, भिजलेल्या माणसाच्या हातात होता.

तो उभ्या उभ्या वाचत होता. थियाने घसा खाकरला. त्याने मान वर न करता एक बोट उचलून थांबायची खूण केली, शेवटचा परिच्छेद संपवला आणि मग अंक तिच्यापुढे धरला.

“घ्या. विधवेनं सावली उसनी दिली, ती परत मिळालीच नाही. का, ते लेखकालाही ठाऊक नसावं.”

“शेवट सांगून टाकलात.”

“अद्भुतकथेचा शेवट सांगितला तर काय बिघडतं? विज्ञानकथेचा सांगितला असता तर गुन्हा होता.”

‘फार मेरिडियन’ हे विज्ञानकथांचं मासिक त्याने कोटाच्या आत, छातीशी कोरडं ठेवलं होतं. ‘थॉर्न’च्या मुखपृष्ठावर मात्र त्याच्या केसांतलं पाणी खुशाल ठिबकत होतं. थियाने ते रुमालाने टिपलं… जरा जास्तच काळजीपूर्वक, त्याला दिसेल असं.

ती म्हणाली, “तुमच्या ‘मेरिडियन’मध्ये गुरूच्या चंद्रावर हवेचा पंप बिघडतो आणि शेवटच्या पानावर दुरुस्त होतो. माणसं मात्र पहिल्या पानावर होती तशीच राहतात.”

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. “मान्य. पण ‘थॉर्न’मधली गोष्ट नुसतं दार उघडून देते. ‘मेरिडियन’मधली आधी कुलूप खोलून दाखवते. आणि मला कुलूप कळल्याशिवाय आत जायला आवडत नाही.”

थियाचा रुमाल मुखपृष्ठावर थांबला.

हे वाक्य तिने वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, फेब्रुवारीत घरच्या पत्रकासाठी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. निळ्या कागदावरचं पत्र, खाली सही: एच. ग्रीर, डब्युक, आयोवा.

तिचे पापा आर्विड लिंडक्विस्ट यांनी रेल्वेच्या टपालडब्यात तीस वर्षं पत्रं लावली होती. निवृत्त झाल्यावर ते दर दोन महिन्यांनी सायक्लोस्टाइल केलेलं एक पत्रक काढू लागले, ‘दोन पारडी’. एका पारड्यात विज्ञानकथांची मासिकं, ती ते तोलायचे. दुसऱ्यात अद्भुतकथांची, ती तोलणारा नुसता ‘टी. एल.’ अशी सही करायचा. एकशे चाळीस वाचक होते, आणि वर्गणी म्हणून प्रत्येकाकडून फक्त एक पत्र यावं लागे. ग्रीरचं पत्र सहा वर्षं न चुकता यायचं, आणि दर वेळी टी. एल.शी भांडायचं. पापा ते कॉफीबरोबर मोठ्याने वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, “हा पोरगा काही वाईट नाही.” त्यांच्या घरात याहून मोठी स्तुती कुणी कुणाची केली नव्हती.

थियाच्या डोळ्यांपुढे मात्र हा पोरगा कायम साठीचाच आला होता… पोट सुटलेला, पाइप ओढणारा.

तो सांगत होता की, मुद्दाम पाच तास बसमध्ये बसून आलोय, उद्या दुपारी दोन वाजता एका माणसाला भेटायचंय. आर्विड लिंडक्विस्ट. ओळखता का? थिया म्हणाली, या दुकानात येतात. आणि त्यांच्याबरोबर लिहिणारा तो टी. एल., त्याच्याबद्दल काय वाटतं, तिने विचारलं. ग्रीरला तर खात्रीच होती की तो लॅटिनचा निवृत्त मास्तर असणार. लोकरीचं जाकीट, मांडीवर मांजर. पण वाचतो मात्र असा, की आपण तीच गोष्ट वाचली होती का, असा प्रश्न पडावा.

“त्याच्याशी भांडायला मिळावं म्हणून तर मी अद्भुतकथा वाचायला लागलो,” तो म्हणाला. “पण त्याला सांगू नका.”

“नाही सांगणार,” थिया म्हणाली. तिचे कान तापले होते.

त्याने घड्याळ पाहिलं. अजून बारासुद्धा वाजले नव्हते. “आजच गेलो तर चालेल का? एक दिवस आधी जाणं उद्धटपणाचं होईल?”

“शनिवारी ते घरी नसतात,” थिया म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की तिला स्वतःलाही क्षणभर खरं वाटलं.

मग दोघं शेजारच्या उपाहारगृहात गेली. रुबार्बच्या आंबटगोड देठांची पेस्ट्री खाल्ली, कॉफी तीनदा भरून घेतली. काचेवरून ओघळ उतरत होते. आयुष्यभरासाठी एकच कथा बरोबर न्यायची तर ती कुठल्या मासिकातली, यावर ती दोघं दोन तास भांडली, आणि शेवटी त्याने ‘थॉर्न’मधली सांगितली, तिने ‘मेरिडियन’मधली. निघताना त्याने तिचा कोट धरला. तिचा हात बाहीत शिरेना, म्हणून तो थांबून राहिला… घाई न करता. नाव तिने सांगितलं नाही. उद्या दोन वाजता दार उघडेन, तेव्हा याचा चेहरा पाहण्यासारखा होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी सकाळी चर्चला जायला निघालेले पापा बुटांच्या नाड्या बांधायला खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत.

दोन वाजता घंटा वाजली. स्वयंपाकघर चर्चमधल्या बायकांनी आणि त्यांनी आणलेल्या झाकल्या भांड्यांनी भरलं होतं. दारात ग्रीर उभा होता, काखेत मासिकांचा गठ्ठा, हातात बेकरीचं खोकं. थिया म्हणाली, “मी टी. एल.” त्याने तिच्याकडे पाहिलं, मागच्या बायकांकडे पाहिलं, मग टोपी काढली. मंगळवारी, पापांच्या अंत्यविधीच्या दिवशी, चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडणाऱ्यांत तोही होता.

त्यानंतर हॉलिस ग्रीर दर शनिवारी येऊ लागला. ‘दोन पारडी’चा पुढचा अंक अर्धा झाला होता. थियाचं पारडं तयार होतं. पापांचं नव्हतं, होत्या त्या फक्त ‘मेरिडियन’च्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा. हॉलिस त्या खुणांवर तासन्‌तास बसायचा. तिसऱ्या शनिवारी त्याने तिला जवळ बोलावलं. पापांनी यंत्रांच्या वर्णनाखाली एकही रेघ मारली नव्हती. रेघ होती ती जिथे जिथे कुणी कुणाची वाट पाहत होतं तिथे. अवकाशयानाच्या धक्क्यावर बसलेली आई. चाळीस वर्षं उशिरा पोचणारा संदेश.

“विज्ञानकथा ते यासाठी वाचायचे,” हॉलिस हळूच म्हणाला. “आणि मी सहा वर्षं त्यांना पंपांबद्दल लिहीत होतो.”

थिया बियाण्यांच्या एका कंपनीत कॅटलॉगची प्रुफं वाचायची. दुसऱ्यांच्या चुका तिला लांबून दिसत. पण हा माणूस तिच्या वडिलांना त्यांच्या पश्चात इतकं मन लावून वाचत होता, की तिला त्याच्याकडे पाहवेना आणि पाहिल्याशिवाय राहवेना. स्टेन्सिलवर चूक झाली, की ती चूक बुजवणारा लाल द्रव लावायची आणि तो वाकून त्यावर फुंकर घालायचा. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागायचा. दोघंही त्याबद्दल बोलत नसत. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही.

एकदाच, भांडी पुसताना, तो म्हणाला होता, “एक दिवस, थिया. त्या शनिवारी ते घरी असते तर…” तिने नळ मोठा सोडला होता.

मेच्या शेवटच्या शनिवारी एकच मजकूर राहिला होता, पापांच्या आठवणीत हॉलिसने लिहिलेली दोन पानं. ती टाइप करायला बसली. तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, “आज हे संपेल. पुढच्या शनिवारी… काम नसलं तरी येऊ का?”

“आधी हे होऊ दे,” ती म्हणाली.

पहिलं पान झालं. दुसऱ्याच्या मध्यावर वाक्य आलं: मी एक दिवस आधी पोचलो होतो, पण त्या शनिवारी आर्विड घरी नव्हते.

तिचे हात थांबले. गोष्टीचं साल चुकलं तरी पुढच्या अंकात पहिल्या पानावर माफी मागणारे पापा. त्यांच्या शेवटच्या अंकात हे वाक्य एकशे चाळीस घरी जाणार होतं. ते गाळता आलं असतं. हॉलिसने विचारलंही नसतं. पुढच्या शनिवारी तो आला असता, त्याच्यापुढच्याही.

“हॉलिस,” ती यंत्राकडे बघतच म्हणाली, “हे वाक्य मला टाइप करता येणार नाही. ते खोटं आहे. पापा घरी होते.”

त्याने वळून पाहिलं.

“तू कोण, ते मला दुकानातच कळलं होतं. ते या टेबलापाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट एक दिवस आधीच घालून. तू येतोयस हे कळवणारं तुझं कार्ड साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलं होतं. मी तुला इथे आणायला हवं होतं. पंधरा मिनिटांची वाट होती.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. त्याने खिडकीची चौकट घट्ट धरली होती आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. आता तो कोट उचलेल, असं तिला वाटलं. पण तो आला, तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे भरले होते.

“का, थिया?”

“सहा वर्षं तुझी पत्रं पापांच्या नावाने आली,” ती म्हणाली. “तू घरी आला असतास तर तूही त्यांचाच झाला असतास. मला एक दुपार हवी होती… फक्त माझी. कारण मला तू आवडतोस, हॉलिस. दुकानात भेटलास तेव्हापासून नाही. पहिलं निळं पत्र आलं तेव्हापासून.”