तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मला ती माझ्या दोस्तानं, सोमेश्वरनं सांगितली. एरवी हा गडी भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवणारा. पण ही सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

घाटनांदूरजवळची वस्ती. गेल्या माघातला गुरुवार. दिवेलागणीची वेळ.

त्याची बायको मंगल चुलीपुढं भाकरी थापत होती. तिची आई, दगडाबाई, मागच्या हौदावर भांडी घासत होती.

दगडाबाईचा सगळा जन्म ऊसतोडीत गेला. मंगल लहान असताना तिला पाचटाच्या कोपीत निजवून ती पहाटेच उसाच्या फडात जायची. परत आली की बाहेरून तीनदा हाक मारायची. लेकीला बजावून ठेवलं होतं तिनं, "म्या तीन हाका मारीन. दोनच आल्या तर ती मी न्हाई. तवा ओ दिऊ नको, बाहीर यिऊ नको."

या बाईनं लेकीवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मंगल पस्तिशीला आली, तरी हाका तीनच.

त्या संध्याकाळी...

"मंगल..."

भाकरी तव्यावर पडली.

"मंगल..."

मंगल गालातल्या गालात हसली. तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली. लहानपणापासूनची सवय.

भाकरी करपली.

तिसरी हाक आलीच नाही.

मंगल बाहेर गेली, तर दगडाबाई हौदाशी आडवी पडलेली. मुठीत राख. ओठ घट्ट मिटलेले... 'मं' म्हणायला मिटतात तसे.

"जरा लवकर आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

"माय बोलवत होती वो," मंगल नवऱ्याला रोज सांगायची. "आन् मी बसून ऱ्हायले."

तेरावं झालं. दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, दावणीची शेळी उठून उभी राहिली. कान हौदाकडं... दगडाबाईची चाहूल लागली की ती अशीच उठायची.

मंगलचा हात पिठातच थांबला.

"दोन हाका मारल्या मायनं," ती म्हणाली.

सोमेश्वरला काहीच ऐकू आलं नव्हतं. बॅटरी घेऊन तो हौदावर गेला. कोणी नव्हतं. वाराही नव्हता.

हौदातलं पाणी मात्र हलत होतं...

मग ते रोजचंच झालं. दोन हाका आल्या की मंगल "ओ, माय! ओ!" करत धावायची आणि रिकाम्या हौदाशी रडत बसायची. पुढं पुढं तिसरी हाक ती स्वतःच मारू लागली. आईच्या आवाजात, हळूच. "मंगल." आणि स्वतःच ओ द्यायची. तेवढं झालं की तिच्या घशाखाली दोन घास उतरायचे. सोमेश्वरचं काळीज तुटायचं, पण तो तिला अडवायचा नाही.

परवा ना अमावस्या होती ना काही. साधा मंगळवार. सोमेश्वर तिच्यासमोरच बसला होता.

शेळी उठली.

मंगलनं डोळे मिटले. दोन हाका झाल्या, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आता ती बोलणार, म्हणून तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

तिचे ओठ मिटलेलेच होते.

आणि हौदाकडून...

"मंगल..."

या वेळी त्यानंही ऐकलं.

मंगल उठली. तिचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोडा की," ती म्हणाली. "तीन झाल्या. मायच हाय."

त्यानं सोडलं नाही. ती रात्रभर रडत होती.

आता तो कुठंही असला तरी दिवेलागणीला घरी येतो आणि तिचा हात धरून बसतो.

"आवाज कसा होता रे?" मी विचारलं.

त्यानं निवलेला चहा बाजूला सारला.

"लई मायेचा," म्हणाला. "मलाच उठून जावं वाटलं."